बाई म्हणतात

वर्तुळाची स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून काढलेल्या त्रिज्येला लंब असते, हे वाक्य बाई इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या की ते म्हणायला त्यांना तोंड उघडण्यापलीकडे काही करावं लागत नसे. त्या सकाळी ते वाक्य ‘त्रिज्येला’पाशी तुटलं. तोंड उघडं होतं, जीभ जागच्या जागी होती, छातीतून हवाही येत होती, पण आवाज नव्हता. बाईंनी घसा खाकरला आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरलं. या वेळी पहिला शब्दही फुटला नाही. फळ्यावरचं वर्तुळ अर्धं राहिलेलं, हातात खडू, आणि समोरचा अख्खा वर्ग एका क्षणात चिडीचूप. शेवटच्या बाकावर चाललेलं काहीतरी थांबलं, खिडकीपाशी कुजबुजणाऱ्या दोघी सरळ बसल्या, एकाने उगाचच हाताची घडी घातली. बाई गप्प झाल्या म्हणजे आता आपलं काही खरं नाही, असं पोरांना वाटलं. आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण बाईंना गप्प झालेलं या शाळेत कुणी पाहिलंच नव्हतं. मुलं त्यांना भोंगा म्हणत. हे बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वरच्या मजल्यावर भूमितीचा तास चालला की खालच्या दोन वर्गांना तो फुकटात मिळतो, असं मुख्याध्यापक पाहुण्यांना हसत सांगायचे. बाईंचं म्हणणं सरळ होतं: शिकवायचं तर शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे, आणि तिथपर्यंत जाणारी एकच वस्तू आपल्याकडे आहे. ती वस्तू आता भर तासाला हरवली होती. बाई पोरांकडे बघत राहिल्या, पोरं बाईंकडे. त्या शांततेत बाईंना दुखलं-खुपलं काही नाही. त्यांना भीती वाटली, आणि ती भीती त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

घशाची डॉक्टर वयाने त्यांची विद्यार्थिनी शोभेल अशी होती. तिने इवलासा आरसा घशात घालून बराच वेळ आत बघितलं. “शिक्षिका ना?” ती म्हणाली आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत हात वर केला. “बोलू नका. खुर्चीत बसताना तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं, मी गृहपाठ विसरलेय.” स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. ओरडून ओरडून येतात, शिक्षकांना येतात, भाजीवाल्यांना येतात, घाबरायचं कारण नाही. पण महिनाभर मौन. “कुजबुजायचंही नाही. कुजबुजण्याने उलट जास्त ताण पडतो. पाळलंत तर आवाज येईल परत. नाही पाळलंत तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि मग तो कसा येईल ते मी आज सांगत नाही.” घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “अगं, म्हणजे या महिन्यात माझी वाक्यं पूर्ण होणार म्हणायची.” तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आराखडे काढायचा, मुळातच कमी बोलायचा, आणि या घरात जेवढं बोलणं लागतं तेवढं बायको करतेच आहे, हे त्याने लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं. संध्याकाळी तो पाटी आणि पेन्सिलींची पेटी घेऊन आला. बाईंनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, “हसू नकोस.” त्याने ते वाचलं आणि जास्तच हसला. पण रात्री जेवताना ताटावर चमचा वाजला, त्यानंतर पुन्हा काहीच वाजलं नाही, आणि बाईंचा घास तोंडातच फिरू लागला.

बाईंचे वडील रागावले की बोलायचे नाहीत. मारणं नाही, ओरडणं नाही, फक्त घरातून त्यांचा आवाज काढून घ्यायचे. ताटं मांडली जायची, चमचे वाजायचे, आई मुलांकडे बघून ओठांवर बोट ठेवायची, की सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. का रागावले हे कधी कळायचं नाही, म्हणून धाकटी मुलगी अंथरुणात पडून आपले सगळे गुन्हे आठवून बघायची: कपाटाचं दार उघडं राहिलं ते, का प्रगतिपुस्तक उशिरा दाखवलं ते. एकदा ते मूग गिळून बसणं इतकं लांबलं की ती शाळेतही गप्प झाली. तिच्या वर्गशिक्षिका भल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं. भर वर्गात, हजेरी घेता घेता, मान वर करून त्यांनी विचारलं, “काय गं, घरी काही आहे का? असलं तर सांग हं मला.” सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती उठून उभी राहिली आणि स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाही बाई, काही नाही.” वर्गशिक्षिकेचं समाधान झालं. त्या हजेरीतल्या पुढच्या नावाकडे वळल्या. पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर बाईंनी ठरवून टाकलं होतं की मोठी माणसं लहानांवर जे जे अन्याय करतात त्यांत गप्प बसणं हा सर्वांत वाईट, आणि आपल्याकडून तो कधीही होणार नाही. तो झालाही नाही. त्या रागावल्या की का रागावल्या ते खालच्या मजल्यालाही कळायचं, आणि खूश झाल्या तरी कळायचं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, असं त्या नव्या शिक्षकांना सांगत. भोंग्याची कुणाला भीती वाटत नाही, कारण तो वाजतो तेव्हा काय झालंय हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मुख्याध्यापकांनी रजा घ्या म्हटलं तेव्हा बाईंनी पाटी पुढे केली: “मला काही झालेलं नाही. घशाला झालंय.” ते हो-ना करत राहिले आणि बाई तोवर जिना चढून वर्गात पोचल्या होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, “मला बोलायला बंदी आहे. रोज तुमच्यातलं एक जण माझा आवाज.” वर्गात एकच हशा पिकला. पहिला आवाज म्हणून पुढे आला तो वर्गातला सर्वांत बडबड्या. फळ्याशेजारी उभं राहून, हात पाठीमागे बांधून त्याने घोषणा केली, “बाई म्हणतात, आज गृहपाठ नाही.” बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं. “बाई म्हणतात, गृहपाठ आहे,” तो म्हणाला. अशी पद्धत पडत गेली. आवाज होणाऱ्याने बाईंच्या उजव्या हाताला उभं राहायचं, प्रत्येक वाक्य ‘बाई म्हणतात’ने सुरू करायचं, आणि बाईंनी डस्टर वाजवलं की ते वाक्य रद्द. चार-आठ दिवसांत पोरं इतकी तयार झाली की लिहून होईपर्यंत थांबेनात. भुवई वर गेली की, “बाई म्हणतात, तिसऱ्या बाकावर काय चाललंय ते बाईंना दिसतंय.” खडू हवेत थांबला की, “बाई म्हणतात, ही पायरी का आली ते आधी सांगा.” बाईंनी न लिहिलेलंही पोरं बोलायची, आणि दहांतल्या नऊ वेळा ते बरोबर असायचं, तेव्हा बाई डस्टरला हात लावत नसत. आपल्याला ही पोरं इतकी पाठ आहेत असं त्यांना नेहमी वाटायचं. आपण पोरांना इतक्या पाठ आहोत हे नवीन होतं, आणि त्याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

पण आवाज दुसऱ्याकडे गेल्यावर कान रिकामे झाले, आणि रिकामे कान नको तेही ऐकू लागले. बाई बोलत असताना वर्गातून उत्तरं जोरात यायची. आता त्यांना कळलं की त्यांतली निम्मी उत्तरं बाईंनी पुढे जावं म्हणून दिलेली असायची. भिंतीकडचा एक मुलगा प्रत्येक वाक्याआधी श्वास आत घेऊन थांबायचा; त्याला बोलायचं असायचं, पण त्याच्या त्या श्वासाच्या जागी आजवर बाईंचं वाक्य येऊन पडत असे. मधल्या रांगेतली एक मुलगी दुपारच्या तासाला हळूच जांभई द्यायची, आणि ती कंटाळ्याची नव्हती, भुकेची होती. दर वर्षी पहिल्या दिवशी बाई वर्गाला सांगत, “कुणाला काही असलं, घरचं, शाळेतलं, मनातलं, तर येऊन मला सांगायचं. माझं दार उघडं आहे.” खालच्या वर्गांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. इतक्या वर्षांत एकही आलं नव्हतं. बाईंनी त्याचा अर्थ गणितासारखा काढला होता: कुणी आलं नाही, म्हणजे कुणाला काही नाही, म्हणजे माझा वर्ग सुखात आहे. जिन्याखालच्या खोलीत आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई येऊन बसायच्या. त्यांच्याकडे बाईंच्या वर्गातलं कुणी जात नसे, आणि बाई शिक्षकखोलीत हे अभिमानाने सांगत. खोटं काही नव्हतं त्यात. पोरं त्यांच्या तासाला हसायची, त्यांच्या तासातून हसत बाहेर पडायची. फक्त सिद्धतेत एक पायरी गाळलेली होती, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या वहीत दिसली असती तर बाईंनी लाल शाईने गोल केला असता.

कॅल्क्युलेटरची पाळी आली तो दिवस काही वेगळा नव्हता. तोंडी हिशेब झटक्यात करते म्हणून वर्गाने त्या मुलीचं हे नाव ठेवलं होतं. दर परीक्षेत पहिली यायची. अशा मुलीकडे शिक्षकाला बघावंच लागत नाही. ज्याचं चाललंय त्याच्याकडे कशाला बघा, म्हणून नजर तिच्यावरून पुढे जाते आणि अडलेल्यांवर थांबते. मागच्या चाचणीत तिचा अर्धा पेपर कोरा होता. बाईंना आठवलं, तो परत देताना आपण मोठ्याने म्हणालो होतो, “हुशार माणसाने एकदा तरी घसरावं, पाय जमिनीवर राहतात. चला, पुढे.” वर्ग हसला होता, तीही हसली होती. आता ती बाईंच्या उजव्या हाताला उभी राहिली आणि वाचू लागली. “बाई म्हणतात, इथे घाई करू नका. बाई म्हणतात, दोन्ही त्रिज्या समान, मग हा त्रिकोण कसला?” एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आवाज स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. समोरून बघणाऱ्या वर्गाला जे दिसत नव्हतं ते बाजूला उभ्या असलेल्या बाईंना दिसत होतं. पाठीमागे बांधलेल्या हातांपैकी एकाचा अंगठा दुसऱ्या तळव्यात रुतला होता, इतका की भोवतालची कातडी पांढरी पडली होती. नखं खाऊन खाऊन बोटांच्या कडा लाल झाल्या होत्या. आणि तो आवाज. बाईंनी खडू खाली ठेवला. हा आवाज त्यांना ठाऊक होता. तो हजेरीच्या वेळी उभं राहून ‘नाही बाई, काही नाही’ म्हणणाऱ्या मुलीचा होता.

घसा ठीक असता तर बाईंनी तिथेच विचारलं असतं, काय गं, बरं नाही का? आणि तिने उत्तर दिलं असतं. ते उत्तर काय असतं हे बाईंना आता शब्दन्‌शब्द माहीत होतं. तास संपल्यावर त्यांनी फळ्याचा मोठा लाकडी कंपास आणि गुण्ये तिच्या हातात दिले आणि पुढे चालू लागल्या. तास संपला की आवाज झालेल्याने हे सामान गणिताच्या खोलीत पोचवायचं, हीसुद्धा पद्धत पडली होती. खोली कसली, दोन कपाटं, एक टेबल, दोन खुर्च्या आणि पुठ्ठ्याचे शंकू, गोल, नळकांडी. मुलीने कंपास भिंतीच्या खिळ्याला अडकवला. गुण्ये ठेवले. मग सरळ असलेला कंपास उगाचच सरळ केला. मधली सुट्टी झाली होती, खाली मैदानावर गलका सुरू झाला होता. बाईंनी डबा उघडला, एक खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि जेवू लागल्या. “बाई,” ती म्हणाली, “तुम्हाला खरंच अजिबात बोलता येत नाही?” बाईंनी मान हलवली. मुलगी खुर्चीच्या अगदी कडेला बसली. “बरंय,” ती म्हणाली.

मग म्हणाली, “मला पेपर लिहिता येत नाही, बाई.” बाईंच्या घशात एकदम वाक्यांची गर्दी झाली. वेडी आहेस का, तुला येत नाही तर कुणाला येतं, एका चाचणीने काय होतं, अगं मी स्वतः एकदा. बरीच वर्षं घासून गुळगुळीत झालेली, प्रेमाची, खरीखुरी वाक्यं, एकेक करून घशापर्यंत येत होती आणि बंद दारावर डोकं आपटून परत जात होती. बाईंनी घास गिळला. “येतं सगळं,” मुलगी म्हणाली. “प्रश्न वाचला की उत्तर दिसतं. पण हात उचलत नाही. अक्षरं लांब जातात. बाकीच्या विषयांतही तसंच झालंय, मी ताप होता म्हणून सांगितलं. सगळ्यांनी मानलं. माझं सगळेच मानतात.” ती थांबली. इथे कुणीतरी काहीतरी म्हणायचं असतं, त्याची ती वाट बघत होती हे बाईंना दिसलं. कुणी काही म्हटलं असतं तर ती हो म्हणाली असती, हसली असती, उठली असती. बाई काही म्हणाल्या नाहीत. मैदानावर कुणीतरी कुणाला तरी पकडलं, आरडाओरडा झाला, विरला. “रात्री झोप लागत नाही,” मुलगी म्हणाली. पुन्हा थांबली. बाईंनी चमचा खाली ठेवला, आवाज होऊ न देता. आपण आत्ता वडिलांसारख्या दिसत असू का, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली, इतकी की दोघींचे गुडघे जवळजवळ टेकले. मुलगी त्या गुडघ्यांकडे बघत बोलू लागली. “कालव्यावरचा पूल आहे ना, घरी जाताना लागतो तो. मी तिथे थांबते. आधी नुसतीच थांबायचे. आता कठड्यापाशी जाते. मला मरायचं नाहीये, बाई. मला फक्त उद्या नको असतो.”

बाहेरचा गलका चालूच होता. आपण बोलत असतो तर हे वाक्य आपल्याला कधीच ऐकू आलं नसतं, हे बाईंना कळलं. पहिल्या वाक्यालाच आपण तिला समजावून, हसवून, पाठीवर थाप मारून पाठवलं असतं, आणि ती त्या पुलावरूनच घरी गेली असती. “कुणाला सांगू नका,” मुलगी म्हणाली, आणि मग तिला जरा हसू आलं. “सांगणार तरी कशा म्हणा. म्हणून तर तुम्हाला सांगितलं.” ते हसू खरं होतं. कुणीतरी ऐकलं म्हणून तिचे खांदे दोन बोटं खाली आले होते. इथे थांबता आलं असतं. ऐकणं इतकं चांगलं जमलं होतं की त्यावर समाधान मानायचा मोह बाईंनाही झाला. पण वर्गात, घरात, कुठेही, बाईंना निर्णय घ्यायला कधी वेळ लागला नव्हता, आणि आताही लागला नाही. समुपदेशक ताई उद्या येणार होत्या, आणि या मुलीला उद्या नको होता. पाटी टेबलावर हाताशी होती. बाईंनी पाटीकडे बघितलंही नाही. हे पेन्सिलीने लिहून पुसायचं वाक्य नव्हतं.

“नाही,” बाई म्हणाल्या. मुलगी दचकली. तो आवाज भोंग्याचा नव्हता, कुणाचाच नव्हता. गंजकं दार ओढल्यासारखा काहीतरी खरखरीत तुकडा होता. “मी सांगणार. तुझ्या आईला. आज.” “बाई, बोलू नका,” मुलगी उठून उभी राहिली. “डॉक्टरांनी सांगितलंय ना. तुमचा आवाज जाईल.” “जाऊ दे.” “मी तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलं.” तिचे डोळे आता भरले होते, आणि रागाने भरले होते. “म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “एकटीला नाही सोडणार. तू पण चल.” शेवटचा शब्द अर्धाच बाहेर आला. घशात काहीतरी तापल्यासारखं झालं आणि मग सगळं बंद. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. पाटी घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या, मुलीचं मनगट त्यांनी धरलं नव्हतं पण ती मागून आली. पाटीवर लिहिलं होतं, “हिला घेऊन तिच्या घरी जाते. अत्यंत जरुरीचं.” मुख्याध्यापकांनी पाटी वाचली, मुलीचा चेहरा बघितला आणि कधी नव्हे ते काही विचारलं नाही. “तुमचा पुढचा तास मी घेतो,” ते म्हणाले. त्यांनी भूमिती शिकवून जमाना झाला होता. बाई तशाच निघाल्या, आणि पाटी मुख्याध्यापकांच्या टेबलावरच राहिली.

भर दुपारचा रस्ता शाळेच्या वेळेत कसा दिसतो हे दोघींनीही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. दुकानांची दारं अर्धी ओढलेली, एक माणूस सायकलची साखळी बसवत बसलेला, बसथांब्यावर कुणी नाही. मुलगी एक पाऊल मागे राहून चालत होती. तिने एक शब्दही काढला नाही, आणि बाईंना वाटलं, हीच ती शिक्षा, जी वडिलांनी दिली आणि आता ही देते आहे. मग लक्षात आलं, तसं नाही. वडिलांच्या गप्प बसण्यात दार आतून लावलेलं असे. ही मुलगी रागावलेली होती, घाबरलेली होती, आणि तरी चालत होती. बाई वळल्या तिथे वळत होती. पूल आला. तसा लहानसाच पूल होता, खाली कालव्याचं मळकट पाणी, कठडा छातीइतका. बाई रोज इथून जात नसत, पण गेल्या असत्या तरी या कठड्याकडे त्यांनी कधी बघितलं नसतं. मुलीची पावलं मंदावली. बाईंनी तिला ओढलं नाही की थांबवलं नाही, फक्त स्वतः कठड्याच्या बाजूला झाल्या आणि तिला आतल्या बाजूला घेतलं, रस्ता ओलांडताना लहान मुलांना घेतात तसं. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुलाच्या मध्यावर तिने बोट केलं. “इथे,” ती म्हणाली. बाईंनी ती जागा नीट बघून घेतली, मान डोलावली, आणि दोघी पुढे गेल्या.

तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. आत शिरताच गरम कापडाचा वास आणि वाफ अंगावर आली. दोरीवर सदरे टांगलेले, कोपऱ्यात घड्या घातलेल्या चादरींचा ढीग, आणि मागच्या भिंतीवर, जिथे येणाऱ्या प्रत्येकाची नजर जाईल अशा जागी, मुलीची बक्षिसं. आई एका सदऱ्याची बाही सरळ करत होती. बाईंना बघून तिचा चेहरा उजळला. “अगंबाई, बाई तुम्ही? या ना. पुन्हा पहिली आली का?” मग मागे मुलगी दिसली, घड्याळ दिसलं, आणि तिचा हात बाहीवरच थांबला. “काय झालं? काय केलं हिने?” बाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी पाटीसाठी हात पुढे केला, हात रिकामा होता, आणि पाटी कुठे आहे ते त्यांना आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना नेमकं काय सांगायचं आहे ते पक्कं माहीत होतं आणि सांगायला काहीही नव्हतं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांच्या गप्प बसण्याने तिचा चेहरा एकेक क्षणाला उतरत होता. असा चेहरा बाईंनी पाहिला होता. आपल्या आईचा, ताटावर वाकलेला.

मुलगी दारातच उभी होती. तिने आईकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, भिंतीवरच्या बक्षिसांकडे बघितलं. अजूनही ती काही नाही म्हणू शकत होती. बाईंना ते माहीत होतं, तिलाही होतं. मग ती चालत आली आणि बाईंच्या उजव्या हाताला उभी राहिली. “बाईंना बोलता येत नाही, घसा गेलाय,” ती आईला म्हणाली. “वर्गात त्यांच्यासाठी आम्ही बोलतो.” तिने हात पाठीमागे बांधले. “बाई म्हणतात,” ती म्हणाली आणि थांबली. इस्त्री आईच्या हातात तशीच होती. “बाई म्हणतात, तुमच्या मुलीला रात्री झोप लागत नाही. बाई म्हणतात, ती पेपर कोरे देते. येत असून देते. तिला ताप नव्हता.” आईने काही म्हणायला तोंड उघडलं, बाईंनी फक्त हात वर केला, आणि आई थांबली. “बाई म्हणतात, ती कालव्याच्या पुलावर थांबते. कठड्यापाशी.” इथे मुलीने बाईंकडे बघितलं. डस्टर वाजलं की वाक्य रद्द. बाईंचे दोन्ही हात खाली होते, आणि त्यांनी ते खालीच ठेवले. “बाई म्हणतात, तिला तुमची भीती वाटत नाही. तुम्हाला वाईट वाटेल याची वाटते. बाई म्हणतात, उद्या शाळेत समुपदेशक ताई येणार आहेत, तर उद्या तुम्ही पण चला.”

आईने इस्त्री उभी करून ठेवली. मग भिंतीकडे हात नेऊन बटण बंद केलं. दिवसाच्या मधोमध ते बटण कधी बंद होत नसावं, कारण मुलीने त्या आवाजाने मान वर केली. आई टेबलाला वळसा घालून पुढे आली. तिचे हात अजून कापडाच्या उबेने लाल होते, आणि ते कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. “हे बाई म्हणतात,” ती मुलीला म्हणाली. “तू काय म्हणतेस?”

मुलगी बाईंकडे वळली. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या दोन पावलं मागे सरकल्या, दाराच्या चौकटीला टेकल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या, म्हणजे बाहेरून कुणी कपडे घेऊन आलं तर त्याला परत पाठवता येईल. घसा जळत होता. आवाज परत येईल की नाही हे डॉक्टर सांगेल तेव्हा सांगेल.

“आई,” मुलगी म्हणाली, आणि तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत काही पोचला नसता.